ज्याचं त्याला

बेसिनवरच्या वाटीत कवळी नव्हती. वाटी होती, वाटीत पाणी होतं, शेजारी घासायचा ब्रश होता. फक्त जिच्यासाठी हा सगळा थाट मांडला होता ती कवळी, वरचीही आणि खालचीही, नाहीशी झाली होती. आणि मुहूर्त तरी काय गाठला होता तिने! त्याच दिवशी आजोबांना नातीच्या बालवाडीत, जमलेल्या पालकांपुढे, 'बालवयातले संस्कार' या विषयावर भाषण करायचं होतं.

"कुणी उचललं?" असं आजोबा गरजले. निदान त्यांना तसं गरजायचं होतं. बाहेर आलं ते "कुणी उफललं?" आणि त्यापाठोपाठ बरीचशी हवा.

स्वयंपाकघरातून आजी हात पुसत आली. "काय झालं हो? आणि तोंडावर रुमाल कशाला धरलाय?"

आजोबांनी रिकाम्या वाटीकडे बोट दाखवलं.

"अगं बाई!" आजी म्हणाली. मग संसारात मुरलेल्या बायका म्हणतात तेही म्हणाली. "नीट बघा, तोंडातच असेल."

आजोबांनी रुमाल बाजूला करून दाखवला. आजीने पुन्हा तो विषय काढला नाही.

आजोबा हे जात्याच संतापी गृहस्थ. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर संतापायला शाळा उरली नाही, म्हणून ते सगळ्या जगावर संतापत. रांग मोडणारे, दार उघडं टाकून जाणारे, फोनवर घसा फोडून बोलणारे, मुलांना चमचमीत खाऊ आणि मोबाइल देऊन गप्प बसवणारे आईबाप, एकही जण त्यांच्या तावडीतून सुटत नसे. अशा माणसाचं सगळं बळ तोंडात असतं. त्या सकाळी संतापण्यासारखं तर अतोनात होतं, आणि दात-ओठ खायला फक्त ओठ होते.

त्यात कवळी हे घरातलं गुपित. आजोबांचे दात त्यांचे स्वतःचे आहेत, हे सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना माहीत होतं, कारण आजोबा त्यांना ते दिवसाआड सांगत. "जन्मात खोटं बोललो नाही आणि दात घासल्याशिवाय झोपलो नाही, त्याचं हे फळ." नातीला तर त्यांनी याचं शास्त्रच करून सांगितलं होतं. खोटं बोलणाऱ्याचे दात पडतात. नात टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची आणि आजोबांना वाटायचं, संस्कार होतोय. एरवी कवळी झाकणाच्या डबीत, डबी कपाटात आणि कपाटाला किल्ली. पण आज भाषण होतं. आजोबांनी कवळी उजळायला म्हणून वाटीत भिजत घातली आणि स्वतः कोटाला इस्त्री करायला गेले. तेवढ्यात घात झाला.

संशय अर्थातच सुनेवर गेला. तिने पालकसभेसाठी ऑफिसातून रजा काढली होती आणि रजेच्या दिवशी करतात तसं सकाळपासून घर घासायला घेतलं होतं. आजोबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तिच्याकडे बोट रोखलं. मग बेसिनकडे. मग कचऱ्याच्या डब्याकडे.

"आई, बघा हो! बाबा माझ्याकडे कसं बोट दाखवतायत!"

"अगं, बोलता येत नाहीये म्हणून."

"बोलता येतं तेव्हा काय वेगळं करतात? मी बेसिन घासलं, कबूल. पण दात कोण फेकून देईल? मला काय ते तिथे उगवलेत असं वाटलं?"

"मग मोरीतून वाहून गेले असतील," आजी म्हणाली.

अख्खी कवळी बेसिनच्या भोकातून जात नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. घाबरलेल्या घरात भोकं मोजत बसायला कुणाला वेळ असतो? प्लंबरला बोलावलं. तो आला, आडवा झाला, बेसिनखालचा पाइप त्याने सोडवला आणि विचारलं, "काय पडलंय आत?"

आजोबांनी रुमाल आणखी घट्ट धरला.

"अंगठी आहे का?"

"अंगठीसारखंच समजा," आजी म्हणाली.

"सोन्याची?"

"सोन्याहून महाग."

प्लंबरने मन लावून शोधलं. केसांच्या पिना निघाल्या, पेस्टचं टोपण निघालं, शर्टाचं एक बटण निघालं. दर वेळी तो आशेने विचारायचा, "हे का?" आणि आजोबा रुमालाआडून जोरजोरात मान हलवायचे. शेवटी प्लंबर उठून बसला. तोही माणूसच, त्यालाही राग आला.

"अहो, काय शोधायचं तेच सांगत नाही तुम्ही! मी काढू काय? आणि ह्यांना काय झालंय? मघापासून डोळे वटारतायत नुसते."

"घसा बसलाय त्यांचा," सून म्हणाली. त्या दिवसातलं हे पहिलं खोटं. आजोबांनी ते मान डोलावून मंजूर केलं.

प्लंबर पाइप बसवून निघाला. जाताना दारात थांबून म्हणाला, "सापडलं की मला फोन करा. नाही तर डोक्यात राहील माझ्या."

तो गेला तशी आजीला एकदम काहीतरी सुचलं. तिने मुलाला फोन लावला. मुलगा भिंगरीला, म्हणजे नातीला, बालवाडीत सोडून कधीचा ऑफिसला पोचला होता. ती एका जागी स्थिर म्हणून राहत नसे, त्यामुळे सगळे तिला भिंगरीच म्हणत. खऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघत नसे.

"अरे, जाताना तिच्या हातात काही होतं का?"

"होतं की. कागदी रुमालात काहीतरी गुंडाळून घट्ट धरलं होतं. म्हणाली, सापडलंय, पेटीत टाकायचंय. मी म्हटलं, शाब्बास!" मुलाच्या आवाजात बापाचा अभिमान होता. "बाबांना सांग, संस्कार लागू पडले म्हणावं."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकलं.

आता ही पेटी कुणाची कल्पना, हे सांगायलाच हवं. एकदा भिंगरीच्या फ्रॉकच्या खिशात दुसऱ्याच कुणाचं तरी खोडरबर निघालं. "सापडलं मला," ती म्हणाली. आजोबा तडक बालवाडीत गेले आणि मुख्य बाईंच्या टेबलावर ते खोडरबर ठेवून कडाडले, "रंग शिकवता, आकडे शिकवता, गाणी म्हणून घेता. चारित्र्य कधी शिकवणार? मुलं चोर झाल्यावर?" मुख्य बाई सोशिक होत्या. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच सुचवा काहीतरी." आजोबांना एवढंच हवं होतं. त्यांनी पेटी सुचवली, तिचं 'ज्याचं त्याला' हे नाव सुचवलं, आणि नियमही घालून दिले. सापडलेली वस्तू पेटीत टाकायची. पालकसभेत सगळ्यांसमोर पेटी उघडायची. मालकाने उभं राहून 'हे माझं आहे, मी ते अमुक ठिकाणी विसरलो होतो' असं मोठ्याने सांगायचं, मगच वस्तू घ्यायची. गुपचूप परत नेली तर तीसुद्धा चोरी. आणि पेटीत वस्तू टाकणाऱ्या मुलाला सोनेरी कागदाचा तारा.

"ताऱ्याचं नको," मुख्य बाई म्हणाल्या होत्या. "मुलं ताऱ्यासाठी वस्तू शोधत बसतील."

"बाई, तुम्ही लहान मुलांवर अविश्वास दाखवता?" आजोबा असे काही उसळले, की बाईंनी त्याच दिवशी सोनेरी कागद मागवला.

तर ती ही पेटी. आणि तीत आता आजोबांचे दात.

"सभेआधी जाऊन हळूच काढून आणा," आजी म्हणाली. "मी नाही येणार त्यात. नियम तुमचे, तुम्हीच मोडा."

आजोबा कोट घालून, रुमाल धरून, बालवाडीत पोचले. सून पाठोपाठ होतीच. सभा पलीकडच्या हॉलमध्ये होती आणि तिथे खुर्च्या सरकवण्याचा आवाज चालला होता. इकडे वर्गात कुणी मोठं माणूस दिसत नव्हतं. कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या टेबलावर, पेटी. आजोबा वाकले, झाकण किंचित उचललं आणि आत हात घातला.

"आजोबाऽऽ!"

टेबलामागे बसून क्रेयॉनने जमीन रंगवणारी एक चिमुरडी उभी राहिली होती. कमरेवर हात, भुवया कपाळात. "पेटीला हात नाही लावायचा!"

आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. तो इशारा बालवाडीत भलताच चालतो. सगळ्या कोपऱ्यांतून मुलं गोळा झाली आणि सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवून, पण ठणठणीत आवाजात, आजोबांनीच त्यांच्याकडून पाठ करून घेतलेलं वाक्य एका सुरात म्हटलं, "दुसऱ्याची वस्तू! घ्यायची नाही! लपवायची नाही!"

आजोबांना एवढंच म्हणायचं होतं की, ही दुसऱ्याची नाही, माझी आहे. पण ते म्हणायला जे लागतं ते पेटीत होतं. हा केवढा अन्याय! आयुष्यभर पोरांना गप्प केलं आणि आज पोरांनी आपल्याला हातोहात पकडलं, आणि सांगायला तोंड नाही! ते लालबुंद होऊन उभे होते, तोच वर्गाच्या ताई धावत आल्या.

"आजोबा! तुम्ही पेटी न्यायला स्वतः आलात? अहो, मी आणतच होते."

"घसा बसलाय त्यांचा," सून दारातून म्हणाली.

"अरेरे! भाषण?"

"नाही जमायचं."

"मग असं करू, पेटी त्यांच्याच हातून उघडू. तेच भाषण समजू."

असं ठरलं आणि आजोबा हॉलमध्ये व्यासपीठावर बसवले गेले. पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. मुलं पुढे सतरंजीवर. आणि मधल्या रांगेत कर्नल! हे आजोबांबरोबर रोज फिरायला येत. नोकरी विमा कंपनीत झाली होती, कर्नल म्हणत ते मिशांमुळे. त्यांचा नातूही याच बालवाडीत होता, हे आजोबा साफ विसरले होते.

पेटी उघडली. पहिल्यांदा एक पायमोजा निघाला, मग पेन्सिल, मग केसांचा चाप. मालक मुलं उठली, नियमाप्रमाणे बोलली, टाळ्या झाल्या. त्यानंतर निघाला टीव्हीचा रिमोट.

"अहो, हा आमचा!" एक बाई ताडकन उठल्या. "घर पालथं घातलं मी! सोफा फाडायचा बाकी ठेवला!"

"कुठे विसरला होतात?" मुख्य बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं.

"विसरले कुठे? टीव्हीसमोर होता! स्वतःच्या जागेवर!"

मग स्कूटरची किल्ली निघाली. तिचा मालक घामाघूम बसला होता. तो सकाळी मुलीला कडेवर घेऊन चालत आला होता. मग एका आजीबाईंचा चष्मा निघाला. त्यांना तो दिसलाच नाही, शेजारच्यांनी ओळखला. हॉलमध्ये हळूहळू चढा सूर लागला. "हे काय चाललंय?" "घरातल्या वस्तू सापडलेल्या कशा?" "ताऱ्यांसाठी हो, ताऱ्यांसाठी! आमचा तर दाराची कडी काढायला निघाला होता!" "कुणाच्या डोक्यातली ही कल्पना?"

मुख्य बाईंनी अतिशय सभ्यपणे आजोबांकडे हात केला.

आजोबांना ते दिसलं नाही. त्यांच्या बोटांना पेटीच्या तळाशी कागदी रुमालाची ती ओळखीची पुरचुंडी लागली होती. त्यांनी ती मुठीत घेतली, खोकल्याचं निमित्त केलं आणि मूठ कोटाच्या खिशाकडे नेली.

"आजोबांनी खिशात घातलं!" सतरंजीवरून मघाचीच चिमुरडी ओरडली. "मघाशी पण घेत होते!"

ताईंनी हसत हसत आजोबांच्या हातून पुरचुंडी घेतली आणि उलगडली. पुढच्या रांगेतून किंकाळी आली. रुमालावर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसून सगळ्या पालकसभेकडे बघून हसत होते.

"हे कुणी टाकलं पेटीत?" मुख्य बाईंनी विचारलं.

भिंगरी उभी राहिली. ॲप्रनवर सकाळचा तारा चमकत होता. "मी. मला रस्त्यात सापडले," ती म्हणाली. आणि कुणी काही विचारण्याआधीच पुढे म्हणाली, "आजोबांचे नाहीत हं ते. आजोबांचे त्यांच्या तोंडात आहेत."

सुनेने डोळे मिटून घेतले. मधल्या रांगेतल्या मिशा किंचित पुढे झुकल्या.

"रस्त्यात दात पडलेले असतात होय?" रिमोटवाल्या बाई कडाडल्या. "सरळ सरळ खोटं बोलतेय पोरगी! कुणा म्हाताऱ्या माणसाचे दात उचलून आणलेत. तो बिचारा उपाशी बसला असेल! इतकुशी आहे आणि चोरीही करते, खोटंही बोलते. घरात काय संस्कार असतील!"

"भिंगरी, कुठे सापडले? खरं सांग," मुख्य बाई म्हणाल्या.

"रस्त्यात," भिंगरी म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"मालक नसेल तर आम्हाला द्या डॉक्टर-डॉक्टर खेळायला!" एक मुलगा म्हणाला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मुख्य बाईंनी नाइलाजाने सांगितलं, "नियम आहे बाळ. खोटं बोललं की तारा परत द्यायचा. सगळ्यांसमोर." हा नियम कुणाचा, ते काही त्या बोलल्या नाहीत.

भिंगरी मान खाली घालून ॲप्रनवरचा तारा नखाने सोडवू लागली. तो घट्ट चिकटला होता. एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांतून एकही जण उठून म्हणत नव्हता, की राहू दे.

आजोबांना संताप आला. सकाळपासून येत होता तसला नव्हे. हा अगदी पोटातून आला. रस्त्यात सापडले, असं ही पोरगी का म्हणाली, ते त्यांना कळलं नव्हतं. पण ती चोर नाही, हे या हॉलमध्ये एकाच माणसाला पक्कं माहीत होतं, आणि तो माणूस अब्रू सांभाळत रुमाल धरून बसला होता. त्या माणसाचाच त्यांना संताप आला.

ते उठले. ताईंच्या हातातून त्यांनी कवळी घेतली, सगळ्यांकडे तोंड करून आधी खालची बसवली, मग वरची. टक् असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"हे माझं आहे," आजोबा मोठ्याने, स्वच्छ म्हणाले. "मी ते घरी बेसिनवर विसरलो होतो. माझा घसा बसलेला नाही. माझे दात खोटे आहेत आणि ते खरे आहेत, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. मुलीला कुणी बोलायचं नाही. तारा राहू दे तिचा."

मग सतरंजीवरच्या सगळ्या मुलांनी, नियमाप्रमाणे, कडाडून टाळ्या वाजवल्या.

"आता घसा बरा आहे, तर भाषण...?" मुख्य बाईंनी सोशिकपणे विचारलं.

"नको," आजोबा म्हणाले आणि खाली बसले.

सभा संपल्यावर गर्दीतून कर्नल त्यांच्याजवळ आले. आजोबा ताठ झाले. कर्नलनी इकडेतिकडे पाहिलं, मिशांपुढे हात धरला आणि कुजबुजले, "खालची कुठे करून घेतलीत? अगदी घट्ट बसते हो. माझी मेली बोलताना नाचते."

संध्याकाळी आजोबा गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. संतापण्यासारख्या बातम्या भरपूर होत्या, पण लक्ष लागत नव्हतं. भिंगरी हळूच येऊन खुर्चीच्या हातावर टेकली. बराच वेळ ती जागची हलली नाही. तिच्या बाबतीत ही काळजीचीच गोष्ट.

"आजोबा, माझा दात हलतोय."

"बघू." समोरचा खालचा दुधाचा दात खरंच हलत होता.

"मी खोटं बोलले ना, म्हणून." तिचे डोळे भरून आले. "मला माहीत होतं, ते तुमचेच आहेत. दाराच्या फटीतून दिसतं रोज."

आजोबांनी पेपर खाली ठेवला. "मग पेटीत का टाकलेस?"

"मला तारा हवा होता. आणि सापडतच नव्हतं काही."

"आणि रस्त्यात का म्हणालीस?"

"तुमचं गुपित होतं ना! सगळ्यांना कळलं असतं." ती आता रडायलाच लागली. "आता माझे सगळे पडणार."

आजोबांनी तिला मांडीवर घेतलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात इतकं अवघड उत्तर त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. "नाही पडणार. म्हणजे पडतील, पण पुन्हा येतील. दात सगळ्यांचेच पडतात गं, खरं बोलणाऱ्यांचेसुद्धा. मी आपलं उगीच सांगितलं होतं."

भिंगरीचं रडणं जागच्या जागी थांबलं. ती मांडीवरून उतरली, समोर उभी राहिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तिने आजोबांकडे असं पाहिलं, की त्यांना आपल्या ऑफिसच्या दाराबाहेर उभी राहिलेली कित्येक मुलं आठवली.

"म्हणजे तेही खोटंच?"

"हो."

"किती खोटं बोलता हो तुम्ही, आजोबा!"

आजोबांना काही बोलता आलं नाही. दात होते तरी.

ती तरातरा आत गेली. परत आली तेव्हा हातात ॲप्रनवरून सोडवलेला सोनेरी तारा होता, एक टोक जरा फाटलेला. तिने त्याला मागून थुंकी लावली, आजोबांच्या सदऱ्यावर छातीशी दाबून बसवला आणि वर दोनदा थोपटलं.

"सगळ्यांसमोर खरं सांगितलंत ना, हा तुमचा," ती म्हणाली. "ज्याचं त्याला."